पेन ड्राइव्हवरची लायब्ररी

२०१२च्या आसपास आम्हा काही जणांचं लायब्ररी-प्रकाशन लोणावळा-पुणे लोकलमध्ये चालायचं. प्रकाशन म्हणजे काय, तर पेन ड्राइव्ह या खिशातून त्या खिशात. मळवलीला मी चढायचो, कामशेतला एक जण, तळेगावला दोघं. चौघंही अँड्रॉइडवाले, पण वेगवेगळ्या कंपन्यांतले. ऑफिसचा कोड ऑफिसात राहायचा; गाडीत फिरायचं ते रात्री घरी जागून हौसेनं लिहिलेलं.

त्यात सगळ्यात जास्त मागणी होती ती मराठी अक्षरं दाखवणाऱ्या कोडला. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. अँड्रॉइड ४.० येईपर्यंत मूळ अँड्रॉइडमध्ये देवनागरी नव्हतीच, आणि बाजारात २.३चे फोन ढिगानं होते. त्यांच्यावर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ॲपमध्ये आपला फॉन्ट घातला की चौकोन जायचे, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी ती नंतर जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. म्हणून मजकूर पडद्यावर नेण्याआधी अक्षरांचा क्रमच बदलायचा आणि त्या क्रमाला जुळेल असा खास फॉन्ट वापरायचा, असा तो जुगाड. जोडाक्षरांचं कोष्टक तळेगावच्या दोघांपैकी एकाचं सगळ्यात चांगलं. रफारासाठी मात्र कामशेतकरालाच गाठावं लागायचं.

हा कोड जार फाइलमधून द्यायचा. जारमध्ये कोड मावायचा. लेआउट, चित्रं वगैरे अँड्रॉइडची रिसोर्सेस त्यात चालायची नाहीत. त्यामुळे फॉन्टची फाइल वेगळी द्यायची आणि 'ॲसेट्समध्ये टाक, विसरू नकोस' असं बजावून सांगायचं. फाइलवर व्हर्जन नसे. कोणती नवी, हे तारखेवरून ओळखायचं, नाहीतर लिहिणाऱ्यालाच विचारायचं. तो समोरच्या बाकावर बसलेला असायचा, हे त्या काळाचं खरं सुख.

बाकी सुख फारसं नव्हतं. एक्लिप्समध्ये दोन लायब्रऱ्या घेतल्या आणि दोघींनी आपापली सपोर्ट जार आणली असली, की 'जार मिसमॅच' म्हणून बिल्ड अडून बसायचं. मग एका फोल्डरातली फाइल उचलून दुसऱ्यात चिकटवायची. रिसोर्सेस हवी असतील तर आख्खा लायब्ररी प्रोजेक्टच सोबत घ्यावा लागे. जेक व्हॉर्टनची ॲक्शनबारशेरलॉक तेव्हा घरोघरी होती, ती अशीच यायची. विंडोजवर तुमचं ॲप डी ड्राइव्हवर आणि लायब्ररी सी ड्राइव्हवर असली, तर तिच्या नावापुढे लाल फुली. कारण काही केल्या उमगत नसे. कोणीतरी कानात सांगितल्याशिवाय ते कळायचंच नाही. आम्हाला ते देहूरोड आणि आकुर्डीच्या मध्ये कुठेतरी कळलं.

२०१३मध्ये गूगलनं अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला, सोबत ग्रेडल आणि एएआर हा नवा प्रकार आला. एएआरमध्ये कोड, रिसोर्सेस, मॅनिफेस्ट सगळं एकत्र. आता बिल्डच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची: ग्रुप, नाव, व्हर्जन. लायब्ररी आपोआप खाली उतरते. पेन ड्राइव्हचं काम तिथेच संपलं.

मधली काही वर्षं जेसेंटर या लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक कोठाराची. बिनट्रेवर खातं काढायचं, फाइल चढवायची, 'ॲड टू जेसेंटर' दाबायचं आणि होकाराची वाट बघायची. नव्या प्रोजेक्टात स्टुडिओच जेसेंटरचं नाव आधीपासून लिहून द्यायचा, त्यामुळे वापरणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नसे. इतकं सोपं पुन्हा कधी झालं नाही. त्या काळाची आठवण आजही कोणी काढलीच तर सुस्कारा टाकून. मला स्वतःला तो सुस्कारा जरा महाग वाटतो. कोणत्या नावानं कोण लायब्ररी टाकतोय, याकडे तिथे फार कोणी बघत नव्हतं.

३ फेब्रुवारी २०२१ला बिनट्रे चालवणाऱ्या जेफ्रॉगनं जाहीर केलं की ते बंद होणार. १ मेला ते बंद झालंही. जेसेंटरवरचं जुनं वाचता येत राहिलं, नवं काही टाकणं संपलं. तोवर आम्ही सगळे घरून काम करत होतो आणि लोकलमधली मंडळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर उरली होती. त्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय: सेंट्रलवर कसं जायचं?

मेव्हन सेंट्रलचा दरबार वेगळा. ते चालवणाऱ्या सोनाटाइपकडे तिकीट टाकून नाव मागायचं. ते डोमेनच्या उलट्या क्रमात असतं, म्हणून ते डोमेन तुमचंच आहे हे दाखवायला डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद करायची. जीपीजीची किल्ली बनवायची, तिचा सार्वजनिक भाग की-सर्व्हरवर ठेवायचा, प्रत्येक फाइलवर सही करायची. सोबत सोर्सची जार, जावाडॉकची जार, परवाना आणि लेखकाचं नाव सांगणारी पॉम. मग स्टेजिंगमध्ये 'क्लोज', तपासणी पार पडली तर 'रिलीज'. एकदा गेलेलं व्हर्जन बदलता येत नाही, मागेही घेता येत नाही. चूक राहिली तर पुढचा आकडा काढा.

यावर ग्रुपवर कुरकूर खूप झाली. मला ते पटलं, आणि त्याचं कारण आमच्या गावाजवळच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दात्यांनी ब्राह्मी लिपीत कोरून ठेवलंय: कोणी दिलं, तो कुठला, काय दिलं. त्यातले कितीतरी धेनुकाकट या गावचे, काही स्वतःला यवन म्हणवणारे. सेंट्रल याहून वेगळं काय मागतं? कार्ल्याला गेलेले बरेच जण एकवीरेचं दर्शन घेऊन शेजारच्या खांबांकडे न बघताच उतरतात, हा भाग निराळा.

मोठ्यांनी आपापल्या सोयी केल्या. मुंबईत सुरू झालेल्या क्लेव्हरटॅपची अँड्रॉइड लायब्ररी सेंट्रलवर मिळते. पुण्यात मोठं काम असलेल्या पबमॅटिकनं स्वतःच्या डोमेनवर आर्टिफॅक्टरी, म्हणजे लायब्रऱ्यांचं आपलंच कोठार, उभी केली. त्यांची लायब्ररी हवी तर बिल्डमध्ये तो पत्ता लिहावा लागतो. कंपनीच्या आत तर आता नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी असतेच.

आज मी मळवलीच्या घरातून टॅग पुश करतो. बाकीचं कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर होतं: बिल्ड, टेस्ट, सही, अपलोड. परवाच्या पावसात ऐन रिलीजच्या वेळी वीज गेली. पूर्वी डोंगलवरून चढवताना असं झालं की पहिल्यापासून सुरुवात. आता फोन उघडून पाहिलं तर काम पुरं होऊन हिरवी खूण आलेली. क्लोज-रिलीजचा तो जुना सोहळाही ३० जून २०२५ला संपला. नव्या पोर्टलवर परवानगी आधीच देऊन ठेवली की तपासणीनंतर लायब्ररी आपोआप बाहेर पडते.

उतरवून घेणारा कोण, हे मात्र मला कधीच कळत नाही. आणि मी ज्यांच्या लायब्रऱ्या घेतो त्यांचंही तेच. व्हर्जन बदललं की बदलांच्या यादीत 'बग फिक्सेस आणि सुधारणा' एवढंच. कोष्टकवाल्या तळेगावकराला 'काय बदललंस रे?' विचारलं की तो चिंचवडपर्यंत बोलत राहायचा, कोणतं जोडाक्षर कोणत्या फोनवर फसलं त्यासकट. त्याचा पाल्हाळ त्या वेळी नकोसा व्हायचा. आता माझ्या यादीत मी मुद्दाम तसं लिहितो: कोणता फोन, कोणतं अँड्रॉइड, काय दिसत होतं. टीममधली नवी मुलगी म्हणाली, "सर, एवढं कोण वाचतं?" पण पुढच्या वेळी तिनंही चार ओळी लिहिल्या.

सध्या आमच्याकडे आयफोनच्या बाजूची आवराआवर चालू आहे. कोकोपॉड्सच्या ट्रंकवर, म्हणजे आयफोनच्या लायब्रऱ्यांच्या कोठारात, २ डिसेंबर २०२६नंतर नवं काही टाकता येणार नाही, म्हणून सगळं स्विफ्ट पॅकेजमध्ये हलवायचं आहे. यादी लांब आहे, आणि तिच्यातल्या दोन पॉड्स नेमक्या कशासाठी घेतल्या होत्या, ते लिहून ठेवलेलं कुठेच सापडत नाहीये.