मधला चेंडू कोणाचा?

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून ब्रेबॉर्न स्टेडियमकडे चालू लागले, की प्रथम क्रिकेटच आठवते. परंतु त्याच क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात टेनिसची मैदानेही आहेत आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे मुंबई ओपन ही महिलांची व्यावसायिक स्पर्धा भरली होती. एका दुपारी मी माझ्या आईला घेऊन तेथील दुहेरीचे सामने पाहण्यास गेले.

आईचे वय ७६. बाबांना पक्षाघात झाल्यापासून दोन वर्षे ती घराबाहेर अशी पडलीच नव्हती. भाऊ व भावजय घरात असूनही बाबांची औषधे, अंघोळ, रात्रीचे उठणे, सारे तिने आपल्याच हाती ठेवले होते. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र ती विसरत असे. मी डॉक्टर असूनही हे माझ्या उशिराच ध्यानात आले. त्या दिवशी भाऊ बाबांजवळ थांबला, तेव्हा कोठे ती निघाली.

एकेरीच्या मैदानाची रुंदी २७ फूट असते, तर दुहेरीच्या मैदानाची ३६ फूट. म्हणजे मैदान ९ फुटांनी वाढते. खेळणारी माणसे मात्र दुप्पट होतात. तरीही दोघींच्या मधून जाणारा चेंडू फसवा असतो. कोणीच न धावल्यास गुण जातो आणि दोघी धावल्यास रॅकेटी आपटतात. म्हणूनच प्रत्येक गुणापूर्वी त्या तोंडावर हात धरून कुजबुजतात. जाळीपाशी उभी असलेली खेळाडू पाठीमागे बोटांनी खूण करते. एकीचा फटका चुकला, तरी दुसरी पुढे येऊन हातावर हात टेकवते.

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे यांनी २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सानिया मिर्झांसह महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले होते, हे मी आईला सांगितले. “आपल्या बार्शीची?” असे म्हणून ती सावरून बसली. तोवर बाजू बदलताना मिळणाऱ्या दीड मिनिटाच्या विश्रांतीत ती दर वेळी फोन काढून पाहत होती. सामना एकेक सेट असा बरोबरीत आला. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक सुरू झाला, तेव्हा फोन पिशवीतच राहिला.

ज्येष्ठांना अशा ठिकाणी नेताना काही पथ्ये पाळावीत. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी द्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. जागा सावलीतील व कमी पायऱ्यांची निवडावी. बराच वेळ बसल्यावर एकदम उठू नये. आधी पावले हलवावीत, क्षणभर आधार धरून उभे राहावे, मगच चालावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा वेळी चक्कर येऊ शकते. खेळ चालू असताना जागेवरून हलता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवावे.

परतताना टॅक्सीत आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मधला चेंडू कुणाचा, ते त्या आधीच ठरवतात ना गं?”

“हो आई. दर वेळी.”

घरी पोहोचलो तेव्हा बाबा जेवून झोपले होते. भावाने त्यांना स्वतः भरवले होते. पातळ वरणभात, आई करते तसाच. आईने पांघरूण नीट केले आणि भावाला म्हणाली, “आजपासून रात्रीचं तू बघ. मी सकाळी सहाला उठेन.”

आपल्या घरीही कोणी एकटेच सारे मैदान सांभाळत असेल, तर आज एक कागद घ्या. रात्र कोणाची, औषधे कोणाची, दवाखान्याच्या खेपा कोणाच्या, हे सर्वांसमक्ष लिहा. आणि सेवा करणाऱ्याच्या स्वतःच्या तपासणीची तारीख त्या कागदावर सर्वांत वर लिहा.