न्हाणीच्या पाण्यावरची लिंबोणी

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात बाग म्हटलं की मोसंबीची. बहर कोणता धरला, ताण किती दिला, व्यापारी काय भाव म्हणतो, हे बोलणं चकलांब्याच्या पारावरही चालतं. माझा जीव मात्र परसातल्या लिंबोणीत गुंतलेला आहे. न्हाणीची मोरी जिथे परसात उतरते, तिथेच ती उभी आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत लिंबोणीची जागा हीच, आणि ती जाणत्या माणसांनी ठरवलेली आहे. २०१२-१३च्या दुष्काळात जालना, औरंगाबाद, बीडमधल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरचं विकतचं पाणी घालून झाडं जगवणाऱ्यांनीही शेवटी कुऱ्हाड उचलली. अशा वर्षीही घरात माणसं तांब्या-दोन तांब्यांत का होईना अंघोळ करतात, भांडी विसळतात, तांदूळ धुतात. तेवढ्यावर परसातलं एक झाड तगतं. मोरीच्या ओलीवर अळूही फोफावतो, पण एप्रिलच्या उन्हात तो मान टाकतो. लिंबोणी टाकत नाही.

मोसंबीचा आंबे बहर धरायचा तर शेतकरी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतो. पानं पिवळी पडून थोडी गळली की ते हळूहळू सोडतो आणि मग झाड फुलांनी भरतं. मोरीला असा ताण देता येत नाही. म्हणून परसातली लिंबोणी एकदम लदबदत नाही, बारा महिने थोडं थोडं देत राहते. बाजाराला हे गैरसोयीचं, चुलीला फार सोयीचं.

आमची लिंबोणी बियाची आहे. कागदी लिंबाच्या एकाच बीतून कधी दोन-तीन कोंब निघतात आणि त्यांतले बहुतेक थेट आईचंच रूप घेऊन येतात. म्हणून शेजारणीच्या चांगल्या झाडाचं बी मागून लावलं तरी सहसा फसगत होत नाही, थांबावं मात्र काही वर्षं लागतं. जपायचं ते बुंध्याला. पाणी बुंध्याशी साचून राहिलं की डिंक्या लागतो. म्हणून बुंध्याला मातीची भर आणि त्याच्याबाहेर गोल आळं. साबणाचं दाट पाणी बाजूला काढावं. कोवळ्या पालवीवर फुलपाखराच्या अळ्या येतात, आधी काळ्या-पांढऱ्या, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार. सकाळी हाताने वेचल्या की पुरतं.

घरात सुशीला केला की कुणीतरी परसात पळतं. चुरमुरे भिजवून पिळलेले, फोडणीत कांदा-मिरची, वरून डाळव्याचं कूट. लिंबू मात्र कढई उतरवल्यावरच पिळायचं. आचेवर पिळलं तर चव कडसर होते आणि क जीवनसत्त्वही बरंचसं जातं. हे जीवनसत्त्व आमच्या जेवणाला हवंच. बाजरीत आणि पालेभाजीत लोह असतं, पण ते अंगी सहज लागत नाही. ताटात लिंबाची फोड असली की जास्त लागतं. याच जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही होतो. जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७मध्ये स्कर्व्ही झालेल्या खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबं दिली, तेच सर्वांत लवकर उठून उभे राहिले. गावातल्या रक्त कमी असलेल्या पोरीबाळी पाहिल्या की वाटतं, प्रत्येक मोरीशी एक झाड असायला हवं.

पावसाळ्यात लिंबं भराभर पिवळी पडून आळ्यात गळतात. बाजारात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही. लोणच्याचा काळ हाच. लिंबं पुसून कोरडी करायची, फोडी मिठात मुरवायच्या, चिनी मातीची बरणी, लाकडी डाव. धातू लागू द्यायचा नाही, आंबट त्याला खातं. फोडींचा रस सुटतो, साल हळूहळू मऊ होते, कडूपणा उतरतो. मग गूळ आणि तिखट. दिवाळीपर्यंत ते खाण्याजोगं होतं, आणि त्याच सुमारास जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. फडावर पहाटेच्या आधी उठून कोपीत भाकरी थापायची आणि लगेच कोयता हातात घ्यायचा. भाजीला वेळ कुठला? म्हणून आमच्या लोणच्यातलं निम्मं गावाबाहेर जातं. गेल्या हंगामाहून परतल्यावर शेजारची म्हणाली, "काकू, औंदा गूळ जरा जास्त घाला. लेकरं नुसत्या भाकरीसंग खातेत." गूळ आणून ठेवला आहे. आता पावसाने चार दिवस उघडीप द्यायला हवी.