शब्दांची टोकं

१
नॉर्वेजियनमध्ये 'हूस' म्हणजे घर आणि 'हूसेत' म्हणजे ते घर, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेलं. इंग्रजीतला 'द' शब्दाच्या आधी येतो, इथलं उपपद मागून येऊन शब्दाला चिकटतं. 'हूसेत'मधला शेवटचा 'त' लिहायचा, पण उच्चारायचा नाही.

२
टाकीला 'तांक' म्हणतात. ती टाकी म्हणजे 'तांकेन'. विचाराला 'तांके' म्हणतात; तो विचार म्हणजेही 'तांकेन'. कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, फरक फक्त कानाला कळतो. ऑस्लोकडे टाकीचा सूर खालून निघून वर चढतो. विचाराचा सूर वर सुरू होतो, खाली येतो आणि शेवटी पुन्हा वर जातो.

कारण साधं आहे. 'तांक' मुळात एकाक्षरी. उपपद जोडल्यावर त्याची दोन अक्षरं झाली, तरी चाल एकाक्षरीच राहिली. 'तांके' मुळातच दोन अक्षरांचा. (आपल्या लिपीत 'तांक' दोन अक्षरांत लिहावा लागतो, इथे अक्षर म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा.) शेतकरी आणि घेवड्याच्या बिया या दोन शब्दांचंही तेच. आज दोन्हींचा उच्चार 'ब्योनर'. पण जुन्या नॉर्स भाषेत शेतकरी एकाक्षरी होते आणि बिया दोन अक्षरी. हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब लोकांच्या गळ्यात शाबूत आहे, आणि तो कुणी कधी पाठ केलेला नाही. 'तांक' तर अलीकडे बाहेरून आलेला शब्द, तरी त्यालाही जुनाच कायदा लागू झाला. मला या भाषेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

३
उत्तर नॉर्वेच्या काही भागांत हा सुरांचा भेद नाही. तिथेही टाकी आणि विचार यांची गल्लत होत नाही.

४
ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर नियम असा: पुढच्या ओळीत एकच व्यंजन न्यायचं. घोडा म्हणजे 'हेस्त', घोडे म्हणजे 'हेस्तेर'. तोडायचं 'हेस-तेर' असं. म्हणजे घोड्याचा 'त' अनेकवचनाच्या प्रत्ययाबरोबर खालच्या ओळीत जातो. जोडशब्द मात्र सांध्यावर तोडायचा.

५
'नात्त' म्हणजे रात्र, 'तोग' म्हणजे आगगाडी. जोडले की रोमन लिपीत तीन 'त' शेजारी येतात. एकच व्यंजन सलग तीनदा लिहायचं नाही, असा नियम असल्यामुळे एक 'त' गळतो आणि रात्रीची गाडी दोन 'त'वर धावते. पण हा शब्द ओळीच्या शेवटी तुटला, तर वरच्या ओळीत 'नात्त' पूर्ण लिहायचा आणि खालच्या ओळीत 'तोग'ही पूर्ण. गळलेला 'त' परत येतो. बसच्या चालकाच्या शब्दातला 'स' असाच जातो आणि असाच परततो.

शुद्धलेखनाचे बरेच नियम केवळ सवयीचे असतात. हा नियम मात्र शब्द कशापासून बनला ते विसरू देत नाही.

६
'रॉयकफ्रित' असं एकत्र लिहिलं तर धूम्रपानाला बंदी. 'रॉयक फ्रित' असं तोडून लिहिलं तर खुशाल ओढा.

७
'लामेलोर' म्हणजे कोकराची तंगडी. 'लामे लोर' म्हणजे लुळ्या मांड्या. बोलताना ही चूक कुणाकडूनही होत नाही, कारण जोडशब्दाचा आघात आणि सुट्या शब्दांचे आघात वेगळे पडतात. चूक होते ती फक्त लिहिताना.

८
'लान्मान' शेतकरी. 'लान्समान' देशबांधव. मधे फक्त एक 'स'.

९
नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाखाली होता आणि लिखाण डॅनिशमध्ये चाले. त्या डॅनिशला हळूहळू देशी वळण देत 'बुकमोल' घडली. दुसरीकडे पश्चिमेच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा, ईवार ओसेन, गावोगाव हिंडून बोली टिपत गेला. १८४८ साली त्याने व्याकरण छापलं, १८५० साली कोश. त्यातून पुढे 'न्यूनोर्स्क' उभी राहिली. १८८५ साली स्टोर्टिंगने, म्हणजे तिथल्या संसदेने, दोन्हींना समान दर्जा दिला.

पुढे दोन्ही भाषा एकमेकींजवळ आणून एकच करायची, असं सरकारने ठरवलं, आणि भांडण येऊन पोचलं शब्दाच्या टोकावर. ते पुस्तक: 'बूकेन' की 'बूका'? 'एन' डॅनिश वळणाचं, पुस्तकी, पश्चिम ऑस्लोतल्या सुखवस्तू घरांतलं. 'आ' खेड्यांतलं आणि पूर्व ऑस्लोतल्या कामगार वस्त्यांतलं. १९३८ च्या सुधारणेत कितीतरी शब्दांना 'आ' सक्तीचा झाला. १९५० च्या दशकात पालकांनी मुलांच्या क्रमिक पुस्तकांतले असे शब्द हाताने दुरुस्त करण्याची मोहीमच काढली. छापील पानावर पेनाने मारलेली ती काट एका स्वरासाठी होती. पण तो स्वर म्हणजे आपलं मूल कुणासारखं बोलणार, याचं उत्तर होतं. म्हणूनच ते भांडण क्षुल्लक होतं असं मला म्हणवत नाही, कुठल्याही बाजूचं.

२००२ साली भाषा एक करण्याचं धोरण अधिकृतपणे सोडून दिलं. आज बुकमोलमध्ये 'बूका' आणि 'बूकेन' दोन्ही चालतात.

१०
बर्गेन शहराच्या बोलीत स्त्रीलिंगच उरलेलं नाही. ऑस्लोत ती मुलगी 'येंता', बर्गेनमध्ये 'येंतेन'.

११
विशेषण आलं की उपपद दोनदा लागतं, एकदा पुढे, एकदा मागे. ते मोठं घर: 'दे स्तूरे हूसे'. भारदस्त, डॅनिश वळणाच्या नावांत मागचं उपपद गळतं. व्हाइट हाउस म्हणजे 'दे वीते हूस', शेपूट नाही. नॉर्वेच्या चर्चच्या नावालाही नाही. ऑस्लोत १९१३ पासून न्यूनोर्स्कमध्ये नाटकं करणारं 'दे नोर्स्के तेआत्रे' मात्र दोन्ही उपपदं ठेवून आहे.

१२
मध्ययुगात हान्झा संघाचे जर्मन व्यापारी बर्गेनच्या धक्क्यावर ठाण मांडून होते. त्यांच्या आणि डॅनिशच्या वाटेने 'आन', 'बे' हे उपसर्ग आणि 'हेत', 'एल्से' हे प्रत्यय भाषेत शिरले. न्यूनोर्स्कवाल्यांना हे शब्द नकोसे. त्यांनी सगळे तुकडे ओळीने जोडून या शब्दांचं नावच पाडलं: 'आनबेहाइतेल्से'.

१३
म्हणून प्रेम बुकमोलमध्ये 'शार्लिहेत' आणि न्यूनोर्स्कमध्ये 'शारलाइक'. 'शार' म्हणजे प्रिय, तो दोन्हीकडे तोच.

१४
ट्रॉन्डहाइमला आधी 'ट्रॉन्डयेम' म्हणत. १ जानेवारी १९३० ला सरकारने शहराला मध्ययुगीन नाव परत दिलं: निडारोस, निद नदीचं मुख. गावकऱ्यांना ते मुळीच नको होतं. १९३१ साली तडजोड झाली. जुनं नाव परत आलं, पण 'येम' हे डॅनिश टोक काढून 'हाइम' हे जुनं नॉर्स टोक बसवून. अर्थ दोन्हींचा एकच, घर.

१५
'बर्ग' म्हणजे कातळ, डोंगर. मग 'बर्गेन' म्हणजे तो डोंगर, असं कुणालाही वाटेल. पण नाव मूळचं 'ब्यॉर्गविन', आणि 'विन' म्हणजे कुरण. झिजून झिजून कुरणाचं उपपदासारखं टोक झालं.

१६
आडनावं पूर्वी बापाच्या नावावरून होत. ओलेचा मुलगा ओल्सेन, मुलगी ओल्सदातर. १९२३ च्या कायद्याने घराण्याला कायमचं आडनाव आलं आणि मुलीही 'सेन' लावू लागल्या. त्याखेरीज शेतवाडीचं नाव असे, आणि माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की ते बदले. आपल्याकडे गावाला 'कर' लागून आडनाव होतं. तिथे वाडीचं नाव जसंच्या तसं येतं, उपपदासकट: हाउगेन, ती टेकडी, बाक्केन, ती चढण.

१७
आर्सेनल फुटबॉल क्लबचा कर्णधार मार्टिन ओडेगार्ड. 'ओडेगार्ड' म्हणजे ओसाड पडलेली वाडी. १३४९ च्या प्लेगनंतर अशा वाड्या देशभर होत्या. पुढे कुणीतरी तिथे परत राहायला आलं, म्हणून तर ते आडनाव झालं.

१८
स्थलनामांचा कायदा १९९० चा. वाडीच्या नावाचं स्पेलिंग कुणी ठरवायचं, यावरून मालक आणि सरकारी भाषातज्ज्ञ यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालले. २०१५ च्या दुरुस्तीने तो अधिकार मालकाला मिळाला.