नेहमीचे सामान

माझ्या लहानपणी आमच्या घरून वाण्याकडे चिठ्ठी जाई. आई तीवर एकच ओळ लिही : 'नेहमीचे सामान पाठवावे.' तेवढ्यावरून वाणी तांदूळ, तूरडाळ, गूळ, चहा आणि आजोबांची तपकीर बिनचूक बांधून देई. आजोबा गेले त्या महिन्यातही तपकिरीची पुडी आलीच. आईने ती परत केली नाही. फडताळात ठेवून दिली. वाण्याचे काय चुकले? यादी बदलल्याचे त्याला कोणी सांगितलेच नव्हते!

पुढे प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यात पडलो, तेव्हा मॅक्रो म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. एक नाव ठरवायचे, त्याचा मजकूर लिहून ठेवायचा. मग जिथे ते नाव येईल तिथे यंत्र तो मजकूर जसाच्या तसा घालते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या सी भाषेत तर हे काम खऱ्या भाषांतराच्या आधीच उरकते. ते करणाऱ्याला ना गणित कळते, ना अर्थ.

असे मॅक्रो हेडर फाईलमध्ये ठेवतात, म्हणजे दहा जणांना ती आपापल्या कामाला जोडून घेता येते. आमच्या कचेरीतली ही फाईल माझ्या ताब्यात. एकदा आलेली फाईल पुन्हा घेतली जाऊ नये अशी तजवीज मी तिच्या माथ्यावरच केली होती. कोणी न विचारता हात लावला की मी चिडे. "देवघराचंही एवढं सोवळं पाळत नाही तुम्ही," असे आमच्या सौभाग्यवतींचे मत.

२०१८ साली एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. नळाच्या व्यासात जाडी मिळवून त्याचा वर्ग करायचा होता. २० आणि ४ मिळून २४, वर्ग ५७६. प्रोग्रॅम सांगत होता १०४! तो भाग आमच्यातल्या एका नव्या मुलीने लिहिलेला. मी तिला चारचौघांत नको इतके बोललो. ती खाली मान घालून उभी राहिली.

रात्री झोप येईना, म्हणून उठून फाईल उघडली. 'वर्ग' हा मॅक्रो 'क्ष गुणिले क्ष' एवढाच लिहिलेला. कंस नाहीत! तिने 'क्ष'च्या जागी '२० अधिक ४' दिले. त्याचे झाले '२० अधिक ४ गुणिले २० अधिक ४'. गुणाकार आधी, म्हणजे १०४. इतकी वर्षे सगळे एकच संख्या देत आले, म्हणून पाप झाकले गेले. गिटमध्ये कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणारी एक आज्ञा आहे. तिचे नावच मुळी 'ब्लेम'. ती चालवली. समोर माझे नाव, साल २००९.

सकाळी त्याच चौघांसमोर मी तिला म्हणालो, "चूक माझी होती. तुला उगीच बोललो. आता कंस घालतो."

ती जरा घुटमळली. "सर, कंसांनी भागणार नाही. 'क्ष' दोनदा येतो ना? तिथे कोणी संख्या एकाने वाढवायची आज्ञा दिली, तर ती दोनदा वाढेल. त्यापेक्षा सरळ फंक्शनच करू या."

बरोबर होते. त्याच दुपारी मी फाईल तिच्या ताब्यात दिली. आठवड्याभरात तिने माझे अकरा मॅक्रो काढून टाकले. म्हणाली, "कोणीच वापरत नव्हतं, सर."

त्यांतला एक मी माझ्या वहीत उतरून ठेवला आहे.