नांगर

गणित शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने एकदा ‘अँकर’ या संज्ञेला मराठी शब्द विचारला. मी ‘नांगर’ म्हटले आणि दोघेही थबकलो. कोकणातला नांगर होडी खिळवून ठेवतो. आमच्या भंडाऱ्यातला धानाच्या बांधीतून चालतो. गणिताला यांतला कोणता हवा?

संज्ञा ‘ली अल्जिब्रॉइड’ या संरचनेतली. नॉर्वेच्या सोफुस ली (१८४२–१८९९) यांच्या नावाचे बीजगणित एकाच सदिश अवकाशात नांदते. तेथे दोन घटकांपासून ‘कंस’ या क्रियेने तिसरा मिळतो. पुस्तक आधी उभ्या, मग आडव्या अक्षाभोवती काटकोनात फिरवावे. क्रम उलटला की ते निराळ्याच स्थितीत येते. अगदी सूक्ष्म फिरवण्यांतला असा फरक कंस मोजतो.

आता भूमीच्या प्रत्येक बिंदूवर एकेक सदिश अवकाश उभा आहे, अशी कल्पना करावी. ही सदिशांची मोळी. (‘पेंढी’ मला अधिक रुचले असते; पण गणितात तो शब्द दुसऱ्याच संकल्पनेसाठी राखावा लागेल, असे सहकाऱ्याचे म्हणणे.) अशा मोळ्यांविषयीचा नरसिंहन आणि शेषाद्री यांचा विख्यात सिद्धांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला, १९६५ सालचा, अर्थात इंग्रजीत. लींचा कंस मोळीवर नेणारी ही संरचना फ्रान्सच्या झाँ प्रादीन यांनी १९६७ मध्ये मांडली.

प्रत्येक बिंदूवरचा एकेक घटक निवडला की झाला ‘छेद’. कंस घ्यायचा तो अशा दोन छेदांचा. दुसऱ्याला जागेगणिक बदलणाऱ्या संख्येने गुणले, तर ती संख्या निमूटपणे कंसाबाहेर पडत नाही. पहिल्या छेदाच्या दिशेने जाताना ती किती बदलली, याचे एक जादा पद येते. पण छेद तर मोळीतला. भूमीवरची त्याची दिशा कोण सांगणार? ते अँकरचे काम. तो शून्य असेल, तर प्रत्येक बिंदूचे बीजगणित आपल्याच धुऱ्याआड राहते. शेजारच्या बांधीची त्याला खबर नसते. भूमीच एका बिंदूएवढी उरली, तर पुन्हा लींचे मूळ बीजगणित.

म्हणजे इंग्रजी शब्द जहाजावरचा असला, तरी काम तास धरून चालण्याचे आहे. माझ्या मते भंडाऱ्याचाच नांगर अधिक नेमका. दहावीपर्यंत मराठीत गणित शिकलेली आमची मुले पदवीच्या वर्गात परके शब्द निव्वळ घोकतात. त्यांना हा शब्द निदान हातात धरता येईल.

सहकाऱ्याने वहीत ‘नांगर’ लिहून घेतले. ‘छेद’ मात्र आम्हां दोघांनाही खटकतो. तो शब्द ऐकताच मुले त्याच्या डोक्यावरचा अंश शोधू लागतील.