खारीचा वाटा

धर्मग्रामाच्या सणासाठी वर्गणीची पावती फाडताना किंवा सभेत आभार मानताना आपण विनयाने म्हणतो, 'या कार्यात आमचाही खारीचा वाटा आहे.' सेतू बांधला जात असताना एका खारीने अंगाला चिकटलेले वाळूचे कण नेऊन टाकले, आणि प्रभू रामचंद्रांनी कौतुकाने तिच्या पाठीवरून बोटे फिरविली, त्याच तिच्या पाठीवरील रेषा, ही कथा आम्ही लहानपणी शेजारच्या सामवेदी ब्राह्मण आजींच्या ओटीवर बसून ऐकली. त्यांची देवघरे वेगळी आणि आम्हां कुपारी कुटुंबांचे चर्च वेगळे. परंतु बोली एकच असल्यामुळे कथा ऐकताना कुणाला परके वाटले नाही. खारीने दिलेल्या त्या इवल्याशा वाट्याचे आम्ही आयुष्यभर कौतुक केले. खारीला द्यावयाच्या वाट्याचा विचार मात्र आम्हांला कधी शिवला नाही. तो करण्याची वेळ उतारवयात आली, आणि ती कशी आली हे सांगताना आजही आम्हांला संकोच वाटतो.

नोकरीनिमित्त मुंबईत काढलेली वर्षे संपवून आम्ही उभयता वसईच्या वडिलोपार्जित घरी कायमचे राहावयास आलो. घर मंगळुरी कौलांचे, आणि वाडी फार मोठी नव्हे. चार नारळ, दोन चिकू, एक पेरू, विहिरीमागे राजेळी केळींची एक रांग आणि दारापुढे आईंनी लावलेली अबोली. आई जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. शहरातील सदनिकेत राहून आम्हांला वाटू लागले होते की, वाडी म्हणजे निव्वळ शांतता. पहिल्याच सकाळी सहा वाजता कौलांवरून जी धावपळ सुरू झाली, तिने हा भ्रम दूर केला.

आरंभी कौतुकच होते. शेपटी झटकीत चिक् चिक् असा अखंड गजर करणारा तो जीव पाहून आमची नातवंडे हरखून जात. महिनाभराने मात्र तक्रारींची वही भरू लागली. पेरू पिकण्याआधीच कुरतडलेला. चिकूला अर्ध्यावर दात लावून तो टाकून द्यावयाचा आणि दुसरा धरावयाचा, ही तर शुद्ध उधळपट्टी. नारळाखाली रोज सकाळी भोक पडलेली दोन-तीन कोवळी फळे. सर्वांत जिव्हारी लागले ते सुकेळ्यांचे नुकसान. राजेळी पिकवावी, सोलावी, मांडवावर पसरून उन्हात दिवसांमागून दिवस उलटीपालटी करावी, तेव्हा कुठे मधासारखी सुकेळी हाती येतात. पूर्वी घरोघरी होणारे हे काम आता थोड्याच घरांत उरले आहे. आईंची आठवण म्हणून आम्ही ते हौसेने आरंभले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागला असताना मांडवाच्या एका कडेची रांगच नाहीशी झाली.

उपाय सुचविणारे पुष्कळ भेटले. कुणी म्हणाले, तिखट शिंपडा. ते वाऱ्याने आमच्याच डोळ्यांत गेले. कुणी चकाकणाऱ्या पट्ट्या बांधावयास सांगितल्या. दोन दिवस खारी त्यांना बिचकल्या, तिसऱ्या दिवशी त्यावरूनच उड्या मारू लागल्या. शेजारची मुले गलोल घेऊन आली, त्यांना आम्ही परत पाठविले. तेवढी दया आमच्यात तोवर शिल्लक होती.

ती संपली माळ्यावर. एके संध्याकाळी जपमाळ चालू असताना घरातले दिवे गेले. वायरमनने माळ्यावर चढून वेष्टण सोलून निघालेली तार दाखविली आणि म्हणाला, "काका, नशीब समजा. आग लागली असती." खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजविण्यासाठी तिला काहीतरी कुरतडीत राहावेच लागते. लाकूड आणि तार यांतला भेद तिला कळण्याचे कारण नाही. पण त्या रात्री आम्हांला तिची बाजू पाहावयाची नव्हती. दुसऱ्या दिवशी माळा आवरताना आईंची जुनी ट्रंक उघडी दिसली. तिचे झाकण नीट बसत नव्हते. आत आईंचे लाल चौकड्यांचे लुगडे होते, सणाला नेसावयाचे, त्यांच्या पश्चात आम्ही जपून ठेवलेले. त्याचा एक पदर कुरतडून धागे धागे नेलेले होते. आम्ही बराच वेळ ते लुगडे मांडीवर घेऊन बसलो.

बाजारात उंदरांसाठी गोंदाचा पुठ्ठा मिळतो. तो आमच्यापैकी कुणी आणला, हे आम्ही कुणालाही सांगितलेले नाही. 'आम्ही आणला' असेच म्हणतो, आणि ते खरेही आहे. एकाने आणला, दुसऱ्याने अडविले नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आलो होतो, त्याच आठवड्यातील ही गोष्ट.

सकाळी अकराच्या सुमारास माळ्यावरून आवाज आला. तो नेहमीचा चिक् चिक् नव्हता. वर जाऊन पाहतो तो एक खार चारही पायांनी त्या गोंदात रुतलेली, आणि सुटण्यासाठी जितकी ओढ घेत होती तितकी अधिक चिकटत होती. एका पायाचे कातडे निघालेले होते. आम्ही खोबरेल तेल ओतून, तासभर खटपट करून तिला सोडविले. फडक्यात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवले. तेल पुसताना तिची आचळे दुधाने भरलेली दिसली, आणि आमच्यापैकी एकजण मटकन खाली बसला. संध्याकाळच्या आत ती गेली.

घरटे शोधावयास मग आम्ही माळा पालथा घातला. आढ्याच्या कोपऱ्यात ते सापडले. नारळाचा काथ्या, उशीतला कापूस, सुके गवत, आणि आतल्या अंगाला, अगदी मऊ अस्तरासारखे, आईंच्या लुगड्याचे लाल धागे. त्यात दोन पिले, डोळे न उघडलेली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे ऊब दिली, ड्रॉपरने थेंब थेंब दूध पाजले, रात्री आळीपाळीने जागलो. पहिले दुसऱ्या दिवशी गेले, दुसरे चौथ्या दिवशी. दोघांना अबोलीखाली पुरले, त्याच लाल धाग्यांसह.

त्या उपवासकाळात कुमसाराला जाताना आम्ही एकमेकांना विचारले, हे सांगावयाचे का? फादर हसतील, अशी धास्ती होती. फादर हसले नाहीत. एवढेच म्हणाले की, लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय घरी जाऊन वाचा.

त्या अध्यायात इस्राएलच्या शेतकऱ्यांना दिलेला एक नियम आहे. पीक कापताना शेताच्या कडा साफ कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, द्राक्षमळा झाडून तोडू नये. जे उरेल ते गरिबाचे आणि परक्याचे. याच नियमाच्या आधारे रूथ बवाजाच्या शेतात कणसे वेचावयास गेली. या नियमाला दान म्हटलेले नाही, हे आम्हांला प्रथमच जाणवले. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कडेचे पीक मुळात शेतकऱ्याचे नव्हतेच. नियम माणसांसाठी आहे, हे आम्ही जाणतो. खारीला रूथच्या पंक्तीला बसविण्याचा आमचा हेतू नाही. पण तो वाचताना आम्हांला आईंची आकडी आठवली. चिकू उतरविताना आई शेंड्याकडची फळे तशीच ठेवीत. आम्ही विचारले तर म्हणत, "आकडी पोहोचत नाही." आकडीला आणखी एक बांबू जोडणे काही कठीण नव्हते. केळीचा घड उतरविला की शेवटची लहान फणी त्या कुंपणावर टांगून ठेवीत. ती खराब निघाली असेल, असे आम्हांला वाटे. आईंच्या मनात नेमके काय होते, हे आता विचारता येत नाही.

म्हणून आम्ही खारींना घर मोकळे सोडले काय? मुळीच नाही. जळालेली तार ही कविकल्पना नव्हती. आम्ही केले ते असे. घरट्यात आणखी पिले नाहीत याची खात्री करून कौलांखालच्या सर्व फटींना लोखंडी तारेची बारीक जाळी ठोकली. प्लॅस्टिकची जाळी ती कुरतडते. माळ्यावरच्या तारा नळीत घातल्या. छपरावर ओणवलेली चिकूची फांदी छाटली, कारण तोच तिचा पूल होता. ट्रंकेचे झाकण दुरुस्त केले, ते खरे तर आधीच करावयास हवे होते. सुकेळ्यांच्या मांडवावर जाळीची चौकट बसविली. पेरूला फळे धरताच कापडी पिशव्या बांधतो आणि चिकू तयार होताच उतरवून घरात पिकवितो. गोंदाचा पुठ्ठा पुन्हा आणला नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही अशा पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना लिहिले आहे, हे आम्हांला मागाहून कळले. ज्यांच्या घरी तो असेल, त्यांनी तो कृपया टाकून द्यावा. तो उंदरासाठीही तितकाच क्रूर आहे.

नारळांचा उलगडा तर आम्हांला खजील करणारा ठरला. खार दिवसाचा प्राणी, अंधार पडताच ती घरट्यात जाते. आमचे नारळ मात्र रात्री पडत. एका चांदण्या रात्री विजेरी मारून पाहिले, तर देठाजवळ भोक पाडीत बसलेला धष्टपुष्ट उंदीर! खोडाभोवती माणसाच्या डोक्याहून उंच गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा बांधला, शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या झावळ्या काढल्या, आणि नारळ पडणे थांबले. ज्या आरोपावरून आम्ही खारीवर सर्वांत अधिक संतापलो होतो, त्यात ती निर्दोष होती.

आणि ती आमच्या माळ्यावर आली तरी का? पलीकडच्या वाडीत आंबा, चिंच आणि जुने ताडमाड होते. तेथे आज चार मजली इमारत आहे. आमच्या बावखलाच्या काठची झाडेही गेली, पाठोपाठ बावखलही बुजले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी 'हरित वसई'साठी रस्त्यावर उतरले, तेव्हा आम्ही मुंबईत बसून वर्तमानपत्रात ते वाचीत होतो. फादर २०२४ साली देवाघरी गेले. त्यांचा लढा आम्हांला पाण्याचा आणि जमिनीचा वाटे. त्यात खारीच्या बिऱ्हाडाचाही प्रश्न होता, हे आमच्या छपरात तिने घर केले तेव्हा समजले. बेघर झालेल्याने आमच्याकडे आसरा घेतला, आणि आम्ही त्याला घुसखोर ठरविले.

असिसीच्या संत फ्रान्सिसला पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. त्याच संताचे नाव धारण करणाऱ्या दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रात पृथ्वीला आपणां सर्वांचे सामायिक घर म्हटले. चर्चमध्ये हे शब्द ऐकताना आम्ही मान डोलाविली होती. सामायिक घराला छप्पर असते, माळा असतो, आणि तेथे दुसऱ्याचेही पोर झोपलेले असू शकते, इतका साधा अर्थ तेव्हा ध्यानी आला नव्हता.

यंदा चिकू उतरविताना आकडी शेंड्यापाशी थांबली. नातवाने वर बोट दाखवून विचारले, "आजोबा, ते का ठेवले?" एकाने दुसऱ्याकडे पाहिले. बांबू पायाशीच पडलेला होता.

"आकडी पोहोचत नाही रे," आम्ही म्हणालो.