माजघराची भिंत

शाळामास्तराच्या आयुष्यांत घर म्हणजे सकाळीं सोडावयाचें व संध्याकाळीं येऊन टेकावयाचें ठिकाण. नोकरीच्या सगळ्या वर्षांत आमचें घर आम्हीं खरोखर पाहिलेंच नव्हतें, हें निवृत्त होऊन घरीं बसल्यावर आमच्या ध्यानांत आलें. कोणत्या वाशास वाळवी लागली आहे, कोणती पायरी झिजली आहे, थंडींत सकाळचें ऊन देवघराच्या कितव्या फरशीपर्यंत पोहोंचतें, असल्या गोष्टी आतां कोठें कळूं लागल्या. त्यांतील बहुतेक सुखाच्या आहेत. एक मात्र सुखाची नव्हती, व तिच्याविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ती म्हणजे आमच्या माजघराची भिंत.

आमचें घर वाईस, आजोबांनीं बांधलेलें. दगडी जोतें, लांकडी खांब, माती-विटांच्या भिंती व त्यांवर चुन्याचा गिलावा, असा जुना थाट. आमचे थोरले बंधु दादा शेती पाहतात. आम्हीं जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन व शास्त्रीबुवांपाशीं थोडेंबहुत संस्कृत शिकून मास्तरकी पत्करली. घर एक, चूल एक. इ. स. १९९६ च्या उन्हाळ्यांत माजघराचा गिलावा सुटूं लागला, तेव्हां ती भिंत सिमेंटनें करून घ्यावी असें आम्हीं ठरविलें. दादा एवढेंच म्हणाले, "भिंत मातीची आहे. तिला सिमेंट सोसणार नाहीं. चुनाच करूं." त्यावर चार पाहुण्यांच्या देखत आम्हीं उत्तर केलें, "दादा, तुम्ही औत सांभाळा. शास्त्र आमच्याकडे असूं द्या."

दादा कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून त्यांनीं आपलें पान ओटीवर मांडावयास सांगितलें. वहिनींनीं कारण विचारलें तर म्हणाले, "येथें वारा बरा लागतो." घरांत भांडण झालें असें कोणासही म्हणतां आलें नसतें. सणवार झाले, मुंजी झाल्या, लग्नें झालीं. सर्व एकत्र झालें. मात्र पाव शतकाहून अधिक काळ दादा माजघरांत पाहुण्यासारखे येऊन जात, आणि त्याचें खरें कारण आम्हां दोघांसच ठाऊक होतें.

भिंतीनें मात्र दादांचा पक्ष उचलून धरला. दोन पावसाळ्यांत तिला पोपडे आले, तिसऱ्यांत लोणा फुलला. जमिनींतील ओल विटांतून वर चढते, व चुन्याच्या गिलाव्यांतून वाफ होऊन निघून जाते. सिमेंट तिची वाट अडवितें. मग ओल आंत कोंडते, व तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यास उचलून टाकतात. हें शास्त्र आम्हांस पुढें कळलें. दर दिवाळीस रंगाचा हात मारून आम्ही तो दोष झांकीत आलों. आणि मौज ही कीं, ह्याच वर्षांत आम्ही मुलांस शिकवीत होतों: संस्कृतांत 'सुधा' म्हणजे अमृत, तसाच 'सुधा' म्हणजे चुना, चुन्यानें लिंपलेलें म्हणून तें 'सौध'. शब्द आमच्या तोंडीं होता, अर्थ दादांपाशीं होता.

गेल्या वर्षीं नवरात्रांत आमची सहा वर्षांची नात भिंतीस बोट लावून म्हणाली, "आजोबा, ही ओली कां?" आम्ही म्हणालों, "जुनी आहे, बाळ." तिनें समोरच्या कोरड्या भिंतीकडे पाहिलें व विचारलें, "मग ती नवी आहे का?"

दोन्ही भिंती एकाच वर्षीं उभ्या राहिलेल्या. वर्गांत आम्हीं पुष्कळांच्या थापा पकडल्या होत्या. आमची कोणी इतक्या सहज पकडली नव्हती. दुसऱ्या दिवशीं आम्हीं गवंड्यास बोलावणें धाडलें.

गवंडी म्हातारा होता. त्यानें भिंतीवर थापीच्या दांड्यानें टकटक केलें व दादांचेंच वाक्य उच्चारलें. मग परसांत चुनकळी भिजविण्याचा बेत झाला. पाणी पडतांच ती खदखदूं लागली व तिच्यांतून वाफा निघाल्या, तेव्हां मुलांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. दादा ओटीवरून ओरडले, "लांब उभे राहा, डोळ्यांत उडेल!" त्या चुन्यास पाण्याखालीं तीन आठवडे मुरत ठेविलें. चुन्याचें काम घाईचें नव्हे. भिंतीवर चढल्यावरही तो हवेंतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो, व ज्या चुनखडीपासून निघाला तिचेंच रूप पुन्हां धारण करितो.

दिवाळीस पुण्यामुंबईचीं मुलें आलीं व घर भरलें. एकीकडे सिमेंट फोडण्याचा ठोका, दुसरीकडे मुलांच्या किल्ल्याची धांदल. भिंतींतून निघालेली सुटी माती घमेल्यांनीं अंगणांत गेली व तिचे बुरूज झाले. त्यांवर अळीव पेरला. चार दिवसांत किल्ल्यावर हिरवें रान उभें राहिलें. दादांनीं बांबूच्या कामट्या तासून आकाशकंदिलाचा सांगाडा बांधून दिला. पतंगी कागद चिकटविण्याचें काम नातवांचें. खळीनें अर्धें घर चिकट झालें, पण कंदील चढला.

स्वयंपाकघरांत नानकटाई चालली होती. आमच्या लहानपणीं पीठ मळून, थापून, पत्रे डोक्यावर घेऊन भट्टीवर जावें लागे, व आपला पत्रा ओळखावा म्हणून त्यावर नांवाची चिठ्ठी लावीत. आतां सुनेची विजेची भट्टी आहे. पण कृति वहिनींचीच. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, पांढरेंशुभ्र हलकें होईपर्यंत फेसावयाचें, मग दोन वाट्या मैदा व वेलदोड्याची पूड. एका नातवानें फेसण्याचा कंटाळा केला. त्याच्या नानकटाया तुपकट होऊन एकमेकींस चिकटल्या. वहिनींनीं त्याही डब्यांत भरल्या. त्या प्रथम संपल्या, हें येथें नमूद केलें पाहिजे.

सिमेंट निघतां निघतां एके ठिकाणीं छिनी पोकळींत गेली. आंत कोनाडा होता. भिंत सपाट दिसावी म्हणून आम्हींच तो १९९६ सालीं बुजविला होता, व पुढें विसरलों होतों. त्याच्या माथ्यावर काजळीचा काळा डाग जसाच्या तसा होता. दादा केव्हां येऊन मागें उभे राहिले, कळलें नाहीं. ते म्हणाले, "येथें आईची पणती असे." आणि परत ओटीवर गेले.

आम्ही बराच वेळ तेथें उभे होतों. मान होता तो दादांचाच गेला, अशी इतकीं वर्षें आमची समजूत. त्या दिवशीं कळलें कीं, त्या सपाटीखालीं आईचीही जागा गेली होती.

चुना मळण्याच्या दिवशीं दादा न सांगतां गूळ व हिरड्याचें पाणी घेऊन आले. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, त्यांत तें पाणी. पहिला लेप पाडव्याच्या सकाळीं पुरा झाला. दुपारीं मुलांस घेऊन आम्ही सर्व मेणवलीस गेलों. वाट तीन-एक किलोमीटरांची. नाना फडणविसांच्या वाड्यांत दादांनीं नातवंडांस जुना चुना दाखविला. "ह्यावर नख ओढून पाहा," ते म्हणाले. नख उमटलें नाहीं. घाटावरील मोठी घंटा मुलांनीं डोळे विस्फारून पाहिली. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, त्या विजयानंतर आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकीं ती एक, असें सांगतात. मोठ्या नातवास हा घाट २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटामुळें आधींच ठाऊक होता, व तो सर्वांस इतिहासाऐवजीं तेंच सांगत होता.

पायऱ्यांवर डबे उघडले. दशम्या, तिळाची चटणी, केळीं आणि नानकटाई. कृष्णेचें पाणी संथ होतें. पलीकडच्या झाडांवर बगळे उतरत होते. मुलें पाण्यांत पाय सोडून बसलीं, बायका वरच्या पायरीवर, आणि दादा व आम्ही जरा बाजूस. इतक्या वर्षांत असे दोघेच बसल्याचें आम्हांस स्मरत नव्हतें. आम्ही मनांत एक वाक्य जुळवीत होतों. कर्ता, कर्म, क्रियापद सर्व यथास्थित. परंतु कर्त्याच्या जागीं 'आम्ही' हा शब्द आला कीं वाक्य अडे. शेवटीं आम्ही म्हणालों, "दादा, त्या वेळीं पाहुण्यांसमोर—"

दादा उठले व धोतर झाडीत म्हणाले, "चल. ऊन कडक होतें. लेप फार वाळला तर भेगा पडतील. घरीं जाऊन पाणी मारलें पाहिजे."

आम्ही घरीं आलों व दोघांनीं मिळून भिंतीवर पाणी मारलें. त्या रात्रीं कोनाड्यांत पणती लागली. ती कोणी लावली, हें आम्हीं विचारलें नाहीं. जेवणाच्या वेळीं वहिनी नित्याप्रमाणें ओटीवर पाट मांडावयास निघाल्या, तेव्हां दादा म्हणाले, "आज आंतच मांड. ओटीवर गार लागतें."

आतां यंदाचा पावसाळा सरत आला आहे. भिंत तितकी सपाट नाहीं. शेवटच्या लेपावर मुलांनींही थापी चालविली, त्यामुळें खिडकीखालीं दोन-तीन उंचवटे राहिले आहेत. पोपडा कोठें नाहीं. मात्र डावीकडच्या कोपऱ्यांत जमिनीलगत हातभर ओल अजून दिसते. गवंडी म्हणतो, इतक्या वर्षांची कोंडलेली आहे, एका वर्षांत कशी निघेल? रोज जेवतांना दादा त्या कोपऱ्याकडे पाहतात आणि म्हणतात, "कालच्यापेक्षां कमी आहे." आम्हांस तसें दिसत नाहीं, पण ह्या विषयांत आतां आम्ही दादांचा शब्द मानतों.